आकाशांतील शेजारधर्म

मनुष्य जमीन वाटून घेतो तेव्हां बांध घालतो, पाणी वाटून घेतो तेव्हां पाळी लावतो. परंतु जी वस्तु डोळ्यांस दिसत नाहीं, हातीं लागत नाहीं आणि भिंतीनें अडत नाहीं, ती वाटून घेण्याची वेळ आली म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. बिनतारी लहरींच्या बाबतींत ही वेळ मनुष्यजातीवर गेल्या सव्वाशें वर्षांत आली आहे. आपल्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानला. पण त्या आकाशांत एकाच वेळीं किती शब्द सुखानें नांदूं शकतील, हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला नव्हता. तो आपल्यापुढें उभा राहिला आहे, आणि तोही विद्वत्सभेंत नव्हे, तर स्वयंपाकघरांत आणि दिवाणखान्यांत.

उदाहरणास आम्ही फुलपाडाच घेतों. विरारच्या पूर्वेस, जीवदानीच्या डोंगराच्या बाजूस आणि पापडखिंडीच्या धरणाजवळ वसलेला हा पाडा. आज नांवापुरताच पाडा राहिला आहे. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार महानगरपालिकेची वस्ती बारा लाखांवर गेली होती. तेव्हां अशा नगराच्या एका भागांत इमारतीला इमारत खेटून उभी असल्यास नवल नाहीं. अशा इमारतींत एका घरीं लावलेला बिनतारी ध्वनिवर्धक भजनाच्या ऐन रंगांत अडखळतो. दुसऱ्या घरीं आजोबांच्या जुन्या रेडिओंतून बातम्यांच्या जागीं नुसती घरघर ऐकूं येते. तिसऱ्या घरीं अन्न तापविण्याची मायक्रोवेव्ह भट्टी सुरू झाली कीं मुलाचा इंटरनेटवरील वर्ग थांबतो. दोष कोणाचा? दुकानदार म्हणतो जागेचा, घरवाला म्हणतो यंत्राचा, आणि शेजारी म्हणतो, ‘आमच्याकडे तर सर्व ठीक आहे!’ या घरगुती कटकटीमागें एक मोठा इतिहास उभा आहे. तो वाचकांपुढें ठेवावा, आणि या कलहांत खरोखर कोणाचें नुकसान होत आहे तें दाखवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाचा आरंभ एका ठिणगीपासून होतो. १८८७-८८ सालीं जर्मनींत हाइनरिख हर्ट्झ यानें विजेची ठिणगी पाडून तिच्यापासून उठलेल्या अदृश्य लहरी खोलीच्या दुसऱ्या टोंकास पकडून दाखविल्या. पुढें १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास अशाच लहरी भिंतींतून पार नेऊन पलीकडील घंटा वाजवून दाखविली. आणि डिसेंबर १९०१ मध्यें मार्कोनीनें इंग्लंडांतून निघालेला संकेत अटलांटिक महासागराच्या पैलतीरीं ऐकला. या सर्वांचें साधन ठिणगी हेंच होतें. परंतु ठिणगीचा एक स्वभाव आहे. तंबोऱ्याची तार छेडली तर एक स्वर निघतो. पत्र्यावर धोंडा आपटला तर सगळे स्वर एकदम निघतात. ठिणगी ही पत्र्यावरील धोंड्यासारखी आहे. तिच्यांतून निघणारी लहर लांबरुंद पट्टा व्यापून बसते, आणि त्या पट्ट्यांत दुसरा कोणी हळू बोलत असेल तर त्याचें बोलणें बुडून जातें. जेथें जेथें विजेची ठिणगी पडते, मग ती कोणी मुद्दाम पाडलेली असो वा नसो, तेथें तेथें एक लहानसें ध्वनिक्षेपण-केंद्रच नकळत सुरू होतें, हें तत्त्व वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व हकीकत त्याच्याच आधारें उलगडते.

जवळचा मोठा आवाज दूरच्या बारीक आवाजाला कसा गिळतो, याचा भयंकर दाखला १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं मिळाला. ‘टायटॅनिक’ जहाजावरील बिनतारी अधिकारी जॅक फिलिप्स हा दूरच्या केप रेस ठाण्याशीं उतारूंच्या संदेशांची देवघेव करीत होता. तेवढ्यांत जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्निअन’ जहाजावरून, आम्ही बर्फांत अडकून थांबलों आहों, अशी सूचना आली. जहाज जवळचें, म्हणून तिचा आवाज कानठळ्या बसविणारा. त्यानें केप रेसचे क्षीण संकेत बुडविले. फिलिप्सनें त्रासून त्याला गप्प बसण्यास सांगितलें. पुढें कांहीं वेळानें त्या जहाजावरील अधिकाऱ्यानें आपलें यंत्र बंद केलें आणि तो झोंपीं गेला. नंतर ‘टायटॅनिक’नें मदतीसाठीं टाहो फोडला तेव्हां तो ऐकावयास तेथें कोणी जागें नव्हतें. त्याच वर्षीं लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि अमेरिकेनें नवा रेडिओ कायदा केला. आकाशासही कायदा लागतो ही गोष्ट १९०६ च्या बर्लिन परिषदेंतच मान्य झाली होती. पण ती जगाच्या मनावर ठसली ती या दीड हजार प्राणांचें मोल दिल्यावर.

आतां आपल्या मुंबईकडे वळूं. २३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. त्याच वर्षीं वॉशिंग्टनच्या परिषदेनें ठिणगीवर चालणाऱ्या प्रक्षेपकांना टप्प्याटप्प्यानें निरोप देण्याचें ठरविलें, हा योगायोग लक्षांत घेण्याजोगा आहे. मुंबई केंद्राची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती. सुमारें तीस मैलांपलीकडे त्याचा आवाज भरंवशाचा नसे. विरार हें त्या परिघाच्या अगदीं कांठावरचें गांव. म्हणजे येथें जो आवाज पोंचे तो मुळांतच क्षीण. असा क्षीण आवाज ऐकावयाचा तर भोंवतालीं शांतता हवी; आणि नेमकी त्याच काळांत ती शांतता संपत चालली होती.

कारण, ज्या विजेनें रेडिओ आणला तिनेंच खरखरही आणली. मुंबईंत विजेची ट्राम १९०७ पासून धांवत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशांतील पहिली विजेची आगगाडी सुटली. जानेवारी १९२८ मध्यें कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या, आणि १९३६ सालीं ही वीज विरारपर्यंत येऊन ठेपली. त्याच १९३६ सालच्या ८ जून रोजीं सरकारी नभोवाणीनें ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव धारण केलें. गाडीच्या माथ्यावरील सांगाडा तारेवरून घसरत जातो, आणि जेथें क्षणभर तारेचा स्पर्श सुटतो तेथें निळसर ठिणगी पडते. हर्ट्झनें प्रयोगशाळेंत मोठ्या सायासानें पाडलेली ठिणगी आतां दर गाडीमागें फुकट पडूं लागली. विरारचें या बाबतींतील महत्त्व पुढेंही टिकलें. कित्येक दशकें विरारपर्यंत दीड हजार व्होल्टची सरळ वीज आणि विरारच्या पुढें पंचवीस हजार व्होल्टची उलटसुलट वीज अशी व्यवस्था होती. दोन विजांची वेस येथें होती. चर्चगेट-विरार मार्गावर सर्वत्र एकच पंचवीस हजारी वीज व्हावयास २०१२ साल उजाडलें.

ही अडचण एकट्या मुंबईची नव्हती. युरोपांत तर पंखे, शिलाई-यंत्रें, केश वाळविण्याचीं यंत्रें आणि लिफ्ट यांनीं श्रोत्यांस इतकें भंडावून सोडलें कीं १९३४ सालीं पॅरिस येथें रेडिओ-व्यत्ययाचा विचार करणारी एक खास आंतरराष्ट्रीय समिति स्थापन झाली. कोणत्या यंत्रानें किती खरखर करावी याची मोजमापें ठरविण्याचें काम ती आजतागायत करीत आहे, आणि भारतीय मानक संस्थेनेंही त्या मर्यादा आपल्या मानकांत घेतल्या आहेत. समितीचें मूळ तत्त्व साधें आहे. खरखर करूं नये असें ती म्हणत नाहीं, कारण वीज आहे तेथें थोडी खरखर असावयाचीच. पण ती शेजाऱ्याचें ऐकणें बंद पाडण्याइतकी नसावी. आपल्याकडे यालाच शेजारधर्म म्हणतात.

याच सुमारास हिंदुस्थान सरकारनें १९३३ चा बिनतारी तारायंत्राचा कायदा केला व १ जानेवारी १९३४ पासून तो अमलांत आणला. त्या अन्वयें परवान्यावांचून रेडिओ नुसता जवळ बाळगणें हाही अपराध ठरला. पुढें पन्नास वर्षें घरोघरीं रेडिओचा परवाना असे, आणि दरसाल टपाल कचेरींत जाऊन त्याची फी भरावी लागे. ही फी लोकांस जाचक वाटे यांत शंका नाहीं. तथापि तिचा एक अप्रत्यक्ष परिणाम होता. अमुक गल्लींत, अमुक घरीं एक श्रोता आहे, ही गोष्ट सरकारदप्तरीं लिहिलेली असे. या मुद्द्याकडे आम्ही पुन्हां वळणार आहों.

येथवर जो व्यत्यय सांगितला तो अजाणतां झालेला. १९४२ सालीं मुंबईनें बुद्धिपुरस्सर केलेला व्यत्ययही पाहिला. त्या वर्षीं २७ ऑगस्ट रोजीं उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं ४२.३४ मीटर लहरीवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. सरकारनें त्या लहरीवर गोंगाट सोडून तो आवाज बुडविण्याचा उद्योग आरंभिला. आणि ही मंडळी पकडलीं जाऊं नये म्हणून आपलें यंत्र एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवीत राहिलीं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं त्यांस अटक झाली. यांत एक मर्माची गोष्ट आहे. त्यांना घरें बदलतां येत होतीं, पण लहर बदलतां येत नव्हती. कारण लहर बदलली तर श्रोत्यांनीं त्यांना शोधावें कोठें? आश्चर्य असें कीं या प्रश्नाचें उत्तर त्याच महिन्यांत जगाच्या दुसऱ्या टोंकास कागदावर उतरलेलें होतें. ११ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंत सिनेनटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना एका युक्तीचें पेटंट मिळालें. पाणतीराला बिनतारी हुकूम देतांना शत्रूनें मध्यें गोंगाट करूं नये यासाठीं, हुकूम देणाऱ्यानें आणि घेणाऱ्यानें आधीं ठरलेल्या क्रमानें एकाच वेळीं लहर बदलीत जावें, अशी ती युक्ति होती. आणि पियानोच्या पट्ट्यांप्रमाणें अठ्ठ्याऐंशीं लहरी त्यांनीं योजिल्या होत्या. अमेरिकन आरमारानें तेव्हां ती वापरली नाहीं. पण हीच कल्पना आज फुलपाड्याच्या घराघरांतून भजनें आणि सिनेसंगीत वाहून नेत आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या काळांतील ऐकणें ही एक साधनाच होती. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री असतांना आकाशवाणीवरून सिनेसंगीत मागें सरलें, आणि १९५२ पासून हजारों कुटुंबें ‘बिनाका गीतमाला’ ऐकण्यासाठीं रेडिओ सिलोनच्या लघुलहरींकडे वळलीं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं ‘विविध भारती’ सुरू झाली ती या ओढीला उत्तर म्हणूनच. दूरच्या बेटावरून येणारा तो आवाज चढे, उतरे, मध्येंच विरून जाई. अशा वेळीं नळीदिवा लावावयाचा कीं नाहीं, मिक्सर आतां फिरवावयाचा कीं कार्यक्रम संपल्यावर, हे प्रश्न घरांत आपसांत सुटत असत. कारण त्रास देणारा आणि त्रास सोसणारा एकाच छपराखालीं होते.

पुढें जाण्यापूर्वीं या खरखरीची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर तिजवर अन्याय होईल. १९३२-३३ सालीं अमेरिकेंत कार्ल जान्स्की हा इंजिनिअर समुद्रपार टेलिफोनांत येणाऱ्या व्यत्ययाचा उगम शोधीत होता. गडगडाटाची खरखर वजा करून उरलेली एक मंद सरसर रोज सुमारें चार मिनिटें आधीं येते, म्हणजे ती सूर्याच्या नव्हे तर नक्षत्रांच्या घड्याळाप्रमाणें चालते, असें त्याला आढळलें. आणि ती आकाशगंगेच्या मध्यभागांतून येत आहे हें उघड झालें. एकाचा व्यत्यय तो दुसऱ्याचा संदेश ठरला, आणि त्यांतून रेडिओ-खगोलशास्त्र जन्मास आलें. हें शास्त्र महाराष्ट्राच्या भूमींतही रुजलें आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें पुणें जिल्ह्यांत नारायणगांवजवळ खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड दुर्बीण उभी राहिली. ती तेथेंच कां, याचें एक मोठें कारण असें कीं डोंगरांच्या आडोशास असलेल्या त्या प्रदेशांत माणसानें केलेली रेडिओ-खरखर कमी होती. तरीही विजेच्या तारांवर पडणाऱ्या ठिणग्यांचा उपद्रव तेथील शास्त्रज्ञांना गाळून काढावा लागतो. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीची गोष्ट तर गमतीची आहे. तेथें कित्येक वर्षें अधूनमधून एक गूढ संकेत येई. २०१५ सालीं निष्पन्न झालें कीं, आवारांतील मायक्रोवेव्ह भट्टीचें दार कोणी वेळेपूर्वींच उघडलें कीं तो संकेत उमटत असे. तेव्हां फुलपाड्यांतील गृहिणीची भट्टी आणि खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण यांचें भांडण एकाच जातीचें आहे.

१९९५ सालीं भारतांत मोबाइल टेलिफोन आला आणि त्याबरोबर एक नवाच आवाज घरांत शिरला. फोन वाजण्यापूर्वीं क्षण दोन क्षण शेजारच्या ध्वनिवर्धकांतून ‘टिर्र टिर्र’ असा आवाज येई. तो आठवत नाहीं असा मध्यम वयाचा मनुष्य सांपडणें कठीण. त्याचें कारण असें. त्या पद्धतींत एकाच लहरीवर आठ जणांनीं पाळीपाळीनें बोलावयाचें असल्यामुळें प्रत्येक फोन सेकंदाला सुमारें २१७ वेळां चालू-बंद होई. फोनची मूळ लहर मानवी कानाच्या आवांक्याबाहेरची. पण ही चालू-बंद होण्याची गति मात्र नेमकी कानाला ऐकूं येण्याजोगी. ध्वनिवर्धकाची लांब तार ती पकडी, आंतील ट्रान्झिस्टर तिला उलगडी, आणि जो आवाज कोणी गायलाच नव्हता तो ऐकूं येई. ध्वनिवर्धक हा रेडिओ नव्हे, त्याला कोणतेंही केंद्र लावावयाचें नसतें. तरी तो नकळत श्रोता बनला. पुढील पिढीच्या फोनांची बोलण्याची रीत निराळी असल्यामुळें हा विशिष्ट आवाज आतां विरळ झाला आहे.

आजच्या बिनतारी घराचा पाया मात्र एका उकिरड्यावर रचला गेला आहे. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेंत कांहीं लहरी-पट्टे कारखाने, शास्त्र व वैद्यक यांतील यंत्रांसाठीं बाजूला काढले गेले. २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा त्यांतलाच. तेथें भट्ट्या चालाव्यात, खरखर व्हावी, आणि ज्याला त्या पट्ट्यांत बोलावयाचें असेल त्यानें ती मुकाट्यानें सोसावी, असा तो करार. उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते म्हणतात. याची अडतीस वर्षांनीं फिटली. १९८५ सालीं अमेरिकेनें अशा पट्ट्यांत, लहरी पसरून बोलणाऱ्या यंत्रांना परवान्यावांचून मोकळीक दिली. भारत सरकारनें २८ जानेवारी २००५ च्या नियमांनीं २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवानामुक्त केला. वाय्-फाय् आणि ब्लूटूथ यांना आपल्या घरीं मोकळें आंगण मिळालें तें येथें.

या आंगणांत अनागोंदी कां माजली नाहीं? कारण नव्या यंत्रांना शिष्टाचार शिकविलेला आहे. वाय्-फाय् बोलण्यापूर्वीं ऐकतें. दुसरें कोणी बोलत असेल तर थांबतें. ब्लूटूथ एकोणऐंशीं लहानशा पट्ट्यांवरून सेकंदाला सोळाशें वेळां उड्या मारतें, आणि २००३ पासून ज्या पट्ट्यावर गर्दी दिसेल तो टाळून पुढें जातें. गर्दी फारच झाली तर ध्वनिवर्धक अडखळतो. पण सहसा या यंत्रांचें आपसांत जमतें. दोन माणसांना जें साधत नाहीं तें दोन यंत्रांना साधलें, असें पाहून कोणासही कौतुक वाटेल.

परंतु या शिष्टाचाराला एक मोठी मर्यादा आहे, आणि तीच आम्हांस या लेखांत मुख्यतः सांगावयाची आहे. यंत्र ज्याचा आवाज ऐकतें त्याच्यापुरतें तें नम्र असतें. जो स्वतः कांहीं बोलत नाहीं, केवळ ऐकतो, त्याचें अस्तित्वच त्याला कळत नाहीं. जुना मध्यमलहरींचा रेडिओ हा असा मुका श्रोता आहे. शिवाय त्याचे वैरी वाय्-फाय् वा ब्लूटूथ नव्हेत. तीं तर त्याच्या लहरीपासून फार दूर वावरतात. त्याचे वैरी म्हणजे स्वस्त एल्. ई. डी. दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर. त्यांच्या पोटांतील वीज सेकंदाला हजारों वेळां तोडली-जोडली जाते; तिच्या पटीपटीच्या लहरी मध्यमलहरींच्या प्रदेशांत येऊन पडतात, आणि त्या अडविणारी गाळणी किंमत वांचविण्यासाठीं गाळलेली असते. मालाडच्या मालवणी येथील आकाशवाणीचे प्रक्षेपक फुलपाड्याहून जेमतेम तीस किलोमीटरांवर. ‘अस्मिता’ वाहिनी तेथून ५५८ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षें घराघरांत पोंचत आली. पण खिडकीशीं ठेवलेल्या रेडिओला तीस किलोमीटरांवरील मोठ्या प्रक्षेपकापेक्षां तीन हातांवरचा दिवा अधिक जवळचा. ‘टायटॅनिक’च्या रात्रीचा न्याय येथेंही लागू पडतो.

‘जुना रेडिओ गेला तर काय बिघडलें? सर्व कांहीं फोनवर मिळतें,’ असें कोणी म्हणेल. आम्हांस हें म्हणणें पुरतें पटत नाहीं. फोनला मनोरा लागतो, मनोऱ्याला वीज लागते, आणि दरमहा पैसे भरावे लागतात. वादळांत या तिन्ही गोष्टी एकदम जाऊं शकतात. तेव्हां दोन सेलांवर चालणारा आणि कोणास कांहीं न देतां शेंकडों मैलांवरचें ऐकणारा रेडिओ, अर्नाळ्याचा कोळी असो कीं डोंगरापलीकडचा शेतकरी असो, त्याला उपयोगी पडतो. असें साधन लोकांनीं विचारपूर्वक टाकून दिलें तर ती निराळी गोष्ट. येथें तें कोणीच टाकलेलें नाहीं. कोणी ठराव केला नाहीं, कोणी हुकूम काढला नाहीं. शेंदोनशें दिव्यांनीं मिळून तें मुकें केलें.

आणि तक्रार कोणी करावी? परवान्याची फी १९८० नंतरच्या दशकांत रद्द झाली. लोकांनीं सुटकेचा निःश्वास टाकला तें योग्यच होतें. पण त्याबरोबर श्रोत्याचें नांव सरकारी वहींतून गेलें. तो मोकळा झाला आणि अदृश्यही झाला. जो बोलतो त्याच्यापाशीं आज कायदा, परवाना, लिलावांत घेतलेली लहर आणि वकील आहे. जो ऐकतो त्याच्यापाशीं यांतलें एकही नाहीं.

उपाय अवघड नाहींत. घरापुरतें पाहावयाचें तर एकेक दिवा आळीपाळीनें बंद करून अपराधी हुडकावा, रेडिओ भिंतीच्या तारांपासून दूर, खिडकीशीं ठेवावा आणि त्याचें तोंड फिरवून पाहावें, कारण त्याच्या पोटांतील अँटेना दिशा ओळखते. ध्वनिवर्धकाच्या तारा आंखूड ठेवाव्यात आणि वाय्-फाय्चें यंत्र भट्टीपासून दूर ठेवावें. परंतु शेजारच्या दिव्याला बटण आपल्या घरीं नसतें. तेथें १९३४ च्या समितीचें तत्त्वच कामास येईल. त्या समितीच्या मर्यादा आपल्या मानकांत लिहिलेल्या आहेत. त्या विकत घेतल्या जाणाऱ्या दिव्यांतही उतरलेल्या आहेत कीं नाहींत, हें बाजारांत जाऊन पाहणारा कोणी हवा, आणि दिवा घेतांना नुसती किंमत न विचारतां एवढी चौकशी करणारें गिऱ्हाईकही हवें. गाळणीला खर्च थोडक्या रुपयांचा आहे. पापडखिंडीच्या तळ्यांत घाण टाकणाऱ्यास फुलपाड्याचा कोणीही मनुष्य हटकील, कारण तें पाणी डोळ्यांना दिसतें. आकाशही तसाच सामायिक पाणवठा आहे. त्यांतली घाण डोळ्यांना दिसत नाहीं, ती ऐकावी लागते, आणि ऐकणारीं माणसें अजून घरोघरीं आहेत तोंवरच ती ओळखून दूर करणें शक्य आहे.